न धुतलेलं बनियन

माझ्या आत्याने आयुष्यभर लोकांचे डाग काढले. कपड्यांवरचे. चारित्र्यावरचे शोधायला आमच्याकडे इतर नातेवाईक होते.

एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिने एकतीस वर्षं काढली. रक्त, आयोडीन, औषधांचे पिवळे ओघळ, शाई, चहा. कुठला डाग गार पाण्यात जातो, कुठल्याला मीठ चोळावं लागतं आणि कुठला डाग गरम पाणी लागलं की जन्माचा बसतो, हे तिला तोंडपाठ होतं. नर्सेस तिला ‘डाग डॉक्टर’ म्हणायच्या, आणि खऱ्या डॉक्टरांना जितका आपल्या पदवीचा अभिमान नसेल तितका तिला या पदवीचा होता. तिच्या हातांची कातडी बारमाही सुरकुतलेली असायची आणि अंगाला ब्लीचचा वास यायचा. रिटायर झाल्यावरही तो वास गेला नाही. ती आमच्याकडे आली की आई काहीतरी निमित्त काढून खिडकी उघडायची. आत्याला ते कळायचं. ती खिडकीपासून लांबच्या खुर्चीवर बसायची आणि बाहेरच्या हवेचं कौतुक करायची.

तिने लग्न केलं नाही. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही कुणाला विचारलं नाही, एवढीच ती गोष्ट. लोक उगाच त्यात प्रेमभंग शोधत बसायचे. एकदा मात्र, तिच्या निरोपसमारंभाहून मी तिला स्कूटरवरून घरी सोडत होते तेव्हा, ती मागून माझ्या कानाशी म्हणाली, “अगं, मला काही कमी नव्हतं हं. फक्त घरी गेल्यावर कुणीतरी म्हणायला हवं होतं, किती उशीर केलास म्हणून.” मी नुसतं “हं” केलं. रहदारी होती.

दोन महिने ती रिकाम्या घरात फिरली, पडदे तीन वेळा धुतले, आणि मग एका सकाळी फोन करून म्हणाली, “मला कुत्रा आणायचाय. म्हातारा.”

“म्हातारा कशाला? पिल्लू आण की.”

“पिल्लू मला पुरून उरेल. मग त्याला काय तू सांभाळणार?”

माझं तोंड बंद करायची कला आमच्या घरात फक्त तिला साधली होती.

शहराबाहेरच्या त्या शेल्टरमध्ये पुढच्या पिंजऱ्यांत पिल्लं होती आणि शेवटच्या रांगेत म्हातारे. पुढे गर्दी, मागे शुकशुकाट. मागच्या रांगेतल्या कोपऱ्यात एक मध्यम चणीचा, मातकट रंगाचा कुत्रा एका राखाडी स्वेटरवर झोपला होता. हनुवटी बरोबर स्वेटरच्या बाहीवर. पिंजऱ्यावर कार्ड होतं: ‘मुकादम. नर. वय अंदाजे तेरा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हृदय वाढलेलं. रोज तीन गोळ्या, जन्मभर.’ आणि खाली कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘स्वभाव चांगला’. लग्नाच्या बाजारात ज्यांचं जमत नाही त्यांच्याबद्दल असंच लिहितात.

मी चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते. ते दुधाळ डोळे बघून म्हटलं, “आत्या, याला अंधार-उजेडापलीकडे काही कळत नसणार. शिवाय हृदय. चल, दुसरा बघू.”

आत्या ऐकायला तिथे होतीच कुठे? ती गुडघ्यांवर बसून गजांतून हात आत घालत होती. मुकादम उठला, नाक पुढे करून तिचा हात अगदी शांतपणे हुंगला आणि जोरात शिंकला. मला हसू फुटलं. आत्याने हात मागे घेतला, कोटाला पुसला आणि पुन्हा आत घातला.

शेल्टरच्या बाईंनी सगळं नीट सांगितलं. त्याचा मालक जिन्यावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं, हॉस्पिटलमधून परस्पर वृद्धाश्रमात गेला. पुतण्याने खोल्या रिकाम्या केल्या आणि कुत्रा इथे आणून सोडला. सोबत मालकाचा स्वेटर. “आधी पंधरा दिवस न्या,” बाई म्हणाल्या. “गोळ्या रिकाम्या पोटी चालत नाहीत, आणि हा खायला कुरकुर करतो. वजन अकरा किलोच्या खाली गेलं तर मात्र परत आणायचं. रोज सलाईन लावायची सोय तुमच्याकडे नाही, आमच्याकडे आहे.”

“खाईल,” आत्या म्हणाली. “माझ्या हातचं आजवर कुणी टाकलेलं नाही.” तिच्या हातचं आजवर फारसं कुणी खाल्लेलं नव्हतं, हे मी बोलले नाही.

मुकादमाने आत्याच्या घरात आल्या आल्या दाराजवळची जागा धरली. तिथे स्वेटर, स्वेटरवर तो. थोडं थोडं खायचा, भात आणि उकडलेलं अंडं, तेही उपकार केल्यासारखं. पण बाहेर पावलं वाजली की कान ताठ. आत्या दुकानातून सामान घेऊन आली की तो उठून उभा राहायचा, नाक वर, शेपटी हलायच्या बेतात. मग दोन वेळा हुंगायचा. शेपटी खाली यायची आणि तो वळून पुन्हा स्वेटरवर पडायचा.

“रोज परीक्षा घेतो आणि रोज नापास करतो,” आत्या मला हसत हसत सांगायची. हसायची खरी, पण मी तिला ओळखते. ती दिवसातून चार-चार वेळा काहीबाही आणायच्या निमित्ताने बाहेर जायला लागली होती, केवळ परत यायला मिळावं म्हणून.

चौथ्या दिवशी तिने तिच्या जन्मात केली नव्हती अशी चूक केली, आणि ती चूक तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून इतकी चोख झालीही नसती. तिने तो स्वेटर धुतला.

धुतला म्हणजे कसा? कोमट पाणी, लोकरीचा साबण, पिळायचं नाही, टॉवेलवर सपाट पसरून सावलीत वाळवायचं. कोपरावरचा पॉलिशचा जुनाट तपकिरी डाग तिने स्पिरिटचा बोळा फिरवून फिरवून काढला. उसवलेली बाही शिवली. मला फोन करून म्हणाली, “ये बघायला! दुकानातून आणल्यासारखा झालाय. त्याला किती बरं वाटेल!” मी संध्याकाळी कामावरून परस्पर तिकडे गेले, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिने स्वेटर त्याच्या जागेवर अंथरला. मुकादम आला, गळ्यापाशी हुंगलं, मग बाही, मग दुसरी बाही, मग काखेची शिवण. मग भिंतीला अंग घासत सगळी खोली फिरला. पलंगाखाली गेला, मोरीत गेला, आत्याच्या कपड्यांच्या कपाटापाशी गेला. परत स्वेटरपाशी येऊन हुंगलं. शेवटी तो स्वेटरवर न बसता दाराला नाक लावून गार फरशीवर बसला, आणि तसाच राहिला.

रात्रीचं जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोळी अंड्यात लपवली, पावात लपवली, त्याने तोंडच फिरवलं.

माझा तोल गेला. माझा जातो लवकर. “कुणी सांगितलं होतं तुला धुवायला? डोळे नाहीत त्याला! तेवढा एक वास होता त्याच्याकडे, तोही तू काढून टाकलास. दिसला कपडा की बुडव पाण्यात!”

आत्या स्टुलावर बसून होती. मग म्हणाली, “एक माणूस आला होता गं एकदा लाँड्रीत. बायको वारली होती त्याची, वरच्या मजल्यावर. तिची शाल आमच्याकडे आली होती. मी म्हटलं, बिचारा, निदान शाल तरी स्वच्छ द्यावी. चांगली धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळून दिली. त्याने तिथेच कागद सोडला, शाल नाकाला लावली, आणि माझ्याकडे नुसता बघत राहिला. मला वाटलं, किती स्वच्छ निघाली ते बघतोय. मी त्याला सांगितलं सुद्धा, कसला कसला डाग होता ते.” तिने कोरडेच हात पुसले. “वीस वर्षं झाली. मला आत्ता कळलं तो काय बघत होता.”

मी जाऊन चहा टाकला.

नवव्या दिवशी वजन अकरा किलो दोनशे ग्रॅम भरलं. शेल्टरच्या बाई फोनवर म्हणाल्या, आणखी उतरायच्या आत घेऊन या. आत्या म्हणाली, “पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. अजून सहा आहेत.” आणि मग तिने विचारलं, तो मालक कुठल्या वृद्धाश्रमात आहे. असं सांगायचा नियम नाही, बाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं.

तिथे भेटायच्या वेळा दोनच, गुरुवार आणि रविवार, चार ते सहा, आणि जनावर फाटकाच्या आत आणायला बंदी. त्या दिवशी नेमका रविवार होता. घरोघरचे लोक मुलाबाळांसकट आले होते, आणि या सगळ्या गलक्यात व्हरांड्याच्या टोकाला एक उंच, हडकुळे गृहस्थ चाकाच्या वॉकरवर हात ठेवून एकटे बसले होते. आयुष्यभर त्यांनी लाकडी सामानाला पॉलिश केलं होतं. नखांच्या कडा अजून तपकिरी होत्या. तिथे सगळे त्यांना पॉलिशवालेच म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो.

आत्याला प्रस्तावना करता येत नाही. ती त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, “नमस्कार. मला तुमचं अंगातलं बनियन हवंय. न धुतलेलं.”

त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “या बाईंना कुठल्या वॉर्डात सोडायचंय?” त्यांनी मला विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. मुकादम हे नाव ऐकल्यावर त्यांचे वॉकरवरचे हात घट्ट झाले. शेवटी फक्त एक विचारलं, “माझ्यावर रागावलाय का तो?”

“रागावलेला नाही,” आत्या म्हणाली. “वाट बघतोय.”

“मी दूध आणायला खाली निघालो होतो हो. त्याला म्हटलं, आलोच दोन मिनिटांत. आणि तिसऱ्या पायरीवरून…” त्यांनी मान दुसरीकडे वळवली. “त्याला वाटत असेल, म्हातारा दूध आणायला कुठल्या देशाला गेला.”

आत्या त्यांच्या शेजारी बसली आणि अगदी सहज, लाँड्रीत चादर तपासावी तशी, त्यांच्या शर्टाची कॉलर हुंगली. आजूबाजूचे रविवारचे पाहुणे बघायला लागले. मी खांबाच्या आड झाले.

“इथली लाँड्री कोण बघतं?” आत्या कडाडली. “ब्लीच दुप्पट टाकतात!”

“रोज सकाळी अंगावरचं काढून नेतात,” पॉलिशवाले म्हणाले. “रोज अंघोळ, रोज धुतलेले कपडे. आता माझा वास मलाच येत नाही, त्याला काय देऊ?”

दोघांनी तिथल्या तिथे कट रचला. कपाटातलं एक बनियन पॉलिशवाल्यांनी लपवून ठेवायचं, सकाळी कपडे नेऊन झाले की ते घालायचं, आणि रात्री उशीखाली सरकवायचं. अंघोळीला सर्दीचं कारण सांगून दांडी मारायची. गुरुवारी माल तयार. जन्मभर स्वच्छतेचा धाक घातलेली माझी आत्या एका ऐंशीच्या घरातल्या माणसाला अंघोळ कशी चुकवावी याचे धडे देत होती, आणि तो माणूस मन लावून ऐकत होता.

गुरुवारी तिने ते बनियन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कोटाच्या आत, असं घरी आणलं. वास उडेल म्हणून स्कूटर हळू चालव म्हणाली. मधले दिवस मुकादम जेमतेम दोन घास चाटत होता आणि वजन तोवर अकरावर काठोकाठ आलं होतं. मुकादम दारातच होता. तिने बनियन जमिनीवर ठेवलं आणि मागे सरली.

त्याने हुंगलं. मग घशातून असा एक आवाज काढला की तो भुंकणं नव्हतं आणि रडणंही नव्हतं. काखेपाशी नाक खुपसलं, दोनदा गोल फिरला आणि त्यावर बसला. मोठा श्वास सोडला. आत्याने थाळी पुढे सरकवली तेव्हा त्याने अख्खं अंडं खाल्लं, भात खाल्ला, भातातली गोळी खाल्ली आणि थाळी चाटून सरकवत सरकवत भिंतीपर्यंत नेली. मी रडले. मला लाज नाही वाटत सांगायला.

आत्या रडली नाही. ती थाळी उचलून घेत म्हणाली, “माझ्यासाठी नाही गं खाल्लं त्याने.”

“पोटात तर गेलं ना?”

“गेलं,” ती म्हणाली, आणि थाळी घासायला लागली. थाळीत घासण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

त्यानंतर, रविवारचा गलका टाळून, गुरुवार म्हणजे गुरुवार. वापरलेलं बनियन आणायचं, आधीचं धुऊन परत द्यायचं. सोबत मुकादमाच्या कागाळ्या. पाणी उतरायची गोळी असल्यामुळे तो मुतायचा फार, आणि जागा निवडून. माझ्या बाबांच्या बुटात एकदा, वीजमीटर बघायला आलेल्या माणसाच्या पिशवीवर एकदा. शेजारीण खाली पाव ठेवून कुलूप काढत होती, तेवढ्यात डोळे नसलेल्या या कुत्र्याने पाव लांबवला. आत्या बाकावर टेकायच्या आधीच सुरू व्हायची, “अहो, तुमच्या कुत्र्याने काय केलंय माहीत आहे का?” आणि पॉलिशवाले दोन्ही हात वॉकरवर ठेवून, डोळे मिटून, गाणं ऐकावं तसं ऐकायचे. नाव मुकादम का, तेही त्यांनीच सांगितलं. ते काम करायचे तेव्हा तो समोर बसून नुसती देखरेख करायचा आणि त्यांनी हात थांबवला की भुंकायचा.

एका गुरुवारी माझ्या स्कूटरचं चाक पंक्चर झालं. त्या रात्री आत्याचा फोन आला. आवाज वेगळाच. “अगं, ते मला म्हणाले, पंचवीस मिनिटं उशीर केलात.”

“मग? रागावले?”

“चांगलेच!” आत्या म्हणाली. इतकी खूश मी तिला पेन्शन मंजूर झाली तेव्हाही पाहिली नव्हती.

ती निळा कोट घालून जायला लागली. आईने चिडवलं तर आत्या म्हणाली, कुत्र्याच्या कामासाठी जाते. आणि मुकादमातही थोडा फरक पडला. गुरुवारी ती परत आली की तो तिचे हात हुंगायचा आणि त्या दिवशी शेपटी हलवायचा, कारण तिने पॉलिशवाल्यांना व्हरांड्यात चार फेऱ्या हाताला धरून चालवलेलं असायचं. “गुरुवारी पास होते मी,” ती सांगायची. बाकीचे सहा दिवस ती गुरुवारची वाट बघायची. त्या तिघांत नक्की कोण कुणाची वाट बघत होतं हे मला शेवटी शेवटी कळेनासं झालं होतं.

चौदा महिने गेले. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या सहा, फार तर आठ. एका मंगळवारी सकाळी मुकादमाने अर्धं अंडं खाल्लं, अर्धं ठेवलं, बनियनवर हनुवटी टेकली आणि गेला. आत्याने फोनवर एवढंच सांगितलं, “ये. खड्डा मला एकटीला जमणार नाही.” शेल्टरच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही त्याला पुरलं. राखाडी स्वेटर तिने त्याच्याबरोबर दिला. बनियन दिलं नाही. ते परत करायचं होतं.

गुरुवारी मी म्हटलं, मी सांगते त्यांना. ती म्हणाली, मीच सांगायला हवं. मी बाहेर फाटकापाशी थांबले. सहा वाजता ती आली. हातात पिशवी होती आणि पिशवीत बनियन.

“सांगितलंस?”

“नाही.”

“आत्या!”

“अगं, त्यांनी मला बघून विचारलं, खातोय ना? माझ्या तोंडून गेलं, खातोय. मग पुढचे शब्दच फुटेनात.”

स्कूटर सुरू न करताच मी तिला झाडलं. हे खोटं आहे, म्हाताऱ्या माणसाला फसवणं आहे, उद्या कळलं तर काय, सगळं बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तो माणूस आठवड्यातले तीन दिवस अंघोळ चुकवतो. तिथल्या बायांची बोलणी खातो. कशासाठी? त्याला वाटतं, आपण अजून कुणाला तरी जगवतोय. ते मी कसं काढून घेऊ?” आणि खाली बघत, “आणि मी तरी गुरुवारी कुठे जाऊ?”

मी हेल्मेट घातलं. त्याचा एक उपयोग असतो, आतलं कुणाला दिसत नाही.

असे अकरा गुरुवार गेले. बनियन यायचं, दाराजवळच्या जागेवर पडून राहायचं, बुधवारी धुतलं जायचं. मला ते बघवत नसे. एकदा मी न सांगता गेले, तर आत्या त्या जागेपाशी खाली बसलेली होती, पाठ दाराकडे. मी तशीच मागे फिरले आणि पाच मिनिटांनी जिन्यात पाय आपटत पुन्हा आले.

मग तिचा गुडघा सुजला. डॉक्टरांनी आठवडाभर पाय खाली टेकवू नका म्हणून सांगितलं आणि गुरुवारी माझी रवानगी झाली. “फक्त पिशवी द्यायची, पिशवी घ्यायची,” तिने बजावलं. “विचारलं तर सांग, छान आहे. जास्त बडबड करू नकोस.”

पॉलिशवाल्यांनी मला एकटीला येताना पाहिलं आणि ते अर्धवट उठले. “बाई? त्या बऱ्या आहेत ना?” गुडघा म्हटल्यावर खाली बसले. पिशवी मांडीवरच होती. ती त्यांनी मला लगेच दिली नाही.

“मुकादम गेला ना?” ते म्हणाले.

खोटं बोलायचं ठरवून आले होते, पण समोरून असं सरळ आलं की माझं काही चालत नाही.

“तीन महिने होत आले असतील,” तेच पुढे म्हणाले. “अगं पोरी, पूर्वी तुझी आत्या आली की बसायच्या आधी तक्रार. इथे मुतला, तिथे ओकला, ह्याचं खाल्लं, त्याला चावायला गेला. आता विचारलं की म्हणते, छान आहे. जिवंत कुत्रा कधी नुसता छान असतो का?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर तिने खरं सांगितलं असतं. खोटं बोलणारी बाई नाही ती.” त्यांनी पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. “मग गुरुवारी ती कशाला आली असती?”

व्हरांड्यात दुसरं कुणी नव्हतं. गुरुवारी तिथे कुणीच येत नाही. मी विचारलं, “तो गेला हे कळल्यावर तुम्हाला…”

“रडलो,” ते साधेपणाने म्हणाले. “पण पोट भरलेलं असताना गेला, इतकं मला माहीत आहे. तिच्या हातात होता ना.” मग त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. “तिला यातलं काही सांगू नकोस. फक्त सांग, आजोबा विचारत होते, हल्ली त्याच्या खोड्या का सांगत नाही म्हणून. मला त्या ऐकायच्या असतात.”

घरी येऊन मी तसाच्या तसा निरोप दिला. आत्या पाय उशीवर ठेवून बसली होती. तिने तो ऐकला. मला वाटलं आता खोदून खोदून विचारेल. तिने विचारलं नाही. फक्त बनियनची पिशवी घेतली आणि बराच वेळ मांडीवर धरून बसली.

पुढच्या गुरुवारी तिचा पाय पुरता बरा नव्हता, पण ऐकेल तर ती आत्या कसली? निळा कोट घालून तीन वाजताच तयार. वाटेत सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाली, “कळलंय त्यांना. हो ना?”

सिग्नल हिरवा झाला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, गाडी पुढे घेतली. माझ्या खांद्यावरचा तिचा हात जरा घट्ट झाला.

पॉलिशवाले व्हरांड्याच्या या टोकापर्यंत वॉकर ढकलत आले होते. तिला बघून म्हणाले, “गेला गुरुवार चुकवलात.”

आत्या बाकाच्या दिशेने लंगडत निघाली. बसायच्या आधीच, पूर्वीच्या त्या चढ्या आवाजात, तिने सुरुवात केली. “तर काय करू? तुमच्या कुत्र्यापुढे मला उसंत आहे का? अहो, शेजारच्या मास्तरांची कवळी पळवली त्याने!”

“कवळी?” पॉलिशवाल्यांनी वॉकर तिथेच सोडला.

“वरची! मास्तर गॅलरीत डुलकी काढत होते, कवळी पडली खाली. दिसत नाही म्हणून काय झालं, नाक आहे ना मेल्याला. घेऊन आला आणि बनियनखाली लपवून वर बसला. मास्तर सगळीकडे शोधताहेत, तोंडाचं बोळकं झालंय, बोललेलं कळत नाही, आणि हा आपला देखरेख करतोय!”

ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. आत्याचा आवाज मध्येच कापला, पण ती थांबली नाही. मास्तरांनी सूप कसं प्यायलं, मास्तरांच्या बायकोने त्याचे कान उपटायला कसा हात पुढे केला, मुकादमाने जागा कशी सोडली नाही, सगळं सांगितलं. त्या इमारतीत मास्तर म्हणून कुणी राहत नाही.

“पहिल्यापासून असलाच आहे तो,” पॉलिशवाले म्हणाले. “मारू नका त्याला.”

“मी कशाला मारू? माझं ऐकतो कुठे.”

सहाची घंटा झाली. त्यांनी पिशवी तिच्या हातात दिली आणि हात लगेच सोडला नाही. “तीन दिवस घातलंय,” ते म्हणाले. “पुरेल ना त्याला?”

“पुरेल,” आत्या म्हणाली. “गुरुवारपर्यंत पुरेल.”